आग विझवणारे आहेत, लागू न देणारे कोण?

संध्याकाळी वस्तीत धूर पसरला की कोणी खिडकी लावून घेते, कोणी पोराला आत बोलावते आणि तेवढ्यावर विषय संपतो. धूर कुठून आला हे फारसे कोणी विचारत नाही. कुठे उकिरडा पेटवलेला असतो. कुठे तांब्यासाठी वायर जाळलेली असते. कुठे पोरांनी गंमत म्हणून टायर पेटवलेला असतो. कधी भांडणाच्या रागात रात्री कोणाची मोटारसायकल जळते. आणि कधी माणसे झोपलेली असताना घरालाच काडी लावली जाते.

या सगळ्या आगी लागलेल्या नसतात, लावलेल्या असतात. शॉर्टसर्किट झाले, गॅस गळला, तर तो अपघात. हाताने लावलेल्या आगीमागे मात्र काहीतरी कारण असते. कारण आहे म्हणूनच ती आधी रोखताही येते. मलेरिया झाला की आपण गोळी घेतो, पण साचलेले पाणीही उपसतो. आगीच्या बाबतीत आपण फक्त गोळी घेतो, म्हणजे बंब बोलावतो. पाणी उपसण्याचे काम राहून जाते. ते काम कोणाचे, आणि ते एकट्याने का होत नाही, हे या वेळी पाहू.

धूर शरीराचे काय करतो

आगीचा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे कोणाला वाटेल. पण आगीत भाजणाऱ्यांपेक्षा धुराने आजारी पडणारे किती तरी जास्त असतात. त्यांची नोंद मात्र आगीच्या खात्यावर होत नाही, खोकल्याच्या औषधाच्या खात्यावर होते.

कचरा नीट जळत नाही, धुमसतो. त्यातून निघणारे बारीक कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसात खोल जातात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात. दमा बळावतो, हृदयविकार असलेल्या माणसाला झटक्याचा धोका वाढतो. प्लास्टिक आणि वायरचे कव्हर जळले की डोळे आणि घसा जाळणारा आम्लाचा वायू निघतो. डायॉक्सिनसारखी विषेही तयार होतात. ती शरीरात वर्षानुवर्षे साठून राहतात. जुन्या वायरच्या कव्हरमध्ये शिसे असू शकते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेते, म्हणून त्याच धुरातून त्याच्या अंगात विष जास्त जाते. गरोदर बाई, टीबीचा रुग्ण, म्हातारी माणसे यांनाही हा धूर सोसत नाही.

देवनार, २०१६

लावलेली आग किती मोठी होऊ शकते हे मुंबईने जानेवारी २०१६ च्या अखेरीस पाहिले. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून वापरात आहे. सुमारे १३२ हेक्टरवर कचऱ्याचे डोंगर उभे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्या. तिथे पेटलेली आग दिवसच्या दिवस धुमसत राहिली. धूर शहरभर पसरला, अमेरिकेच्या नासा संस्थेच्या उपग्रहचित्रातही दिसला. परिसरातल्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा मोठी आग लागली.

अशा जागी आग आपोआपही लागू शकते. कचरा कुजताना मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. पण देवनारच्या बाबतीत आग लावली गेल्याचाही संशय होता. नंतर पोलिसांनी काही भंगार व्यापाऱ्यांना अटक केली. कचऱ्यातला धातू मोकळा व्हावा म्हणून त्यांनी आगी लावायला लावल्या, असा आरोप होता.

त्या वेळी कामाला लागलेली खाती मोजून पाहा. अग्निशमन दलाने पाणी मारले. पालिकेच्या घनकचरा खात्याने माती टाकली, भिंत, पहारा आणि कॅमेऱ्यांचा विषय पुढे आला. पोलिसांनी तपास केला. हवा कशी आहे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाहायचे. श्वासाचे रुग्ण दवाखान्यांत आले. मुंबई उच्च न्यायालयासमोर तर कचऱ्याचा प्रश्न आधीपासूनच होता. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंधन घातले. आधी कचऱ्याची नीट व्यवस्था करा, मग नव्या इमारती बांधा, असा त्याचा सरळ अर्थ होता. ते बंधन सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सैल केले.

एवढी खाती, आणि प्रत्येकाजवळ माहितीचा एकेक तुकडा. आग कुठे आणि किती वाजता लागते हे बंबवाल्यांना ठाऊक. भंगाराचा धंदा कोण चालवतो हे पोलिसांना ठाऊक. भिंत कुठे फुटली आहे हे पालिकेच्या मुकादमाला ठाऊक. कोणत्या गल्लीतली मुले खोकत आहेत हे दवाखान्यातल्या नर्सला ठाऊक. आणि काडी कोण लावतो, का लावतो, हे बहुतेक वेळा वस्तीला ठाऊक. हे तुकडे एका टेबलावर आले तर पुढची आग दिसू लागते. ते वेगवेगळ्या कपाटांत राहिले तर प्रत्येक आग नवी वाटते.

एका शहराने टेबल मांडले तेव्हा

हे तुकडे खरोखर एकत्र आले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मिळते. मोटारींचे कारखाने बंद पडत गेले, कामे गेली, लोक शहर सोडून गेले. हजारो घरे ओस पडली. मागे राहिलेल्यांत बहुसंख्य काळे आणि गरीब लोक होते. दरवर्षी ३० ऑक्टोबरच्या रात्री खोड्या काढायची तिथल्या पोरांची जुनी रीत होती. तिचे हळूहळू आगी लावण्यात रूपांतर झाले. १९८४ मध्ये त्या तीन दिवसांत ८०० हून अधिक आगी लागल्या.

बंब वाढवून हे आवरणारे नव्हते. शहराचे पहिले काळे महापौर कोलमन यंग यांच्या कारकिर्दीत पुढच्या वर्षापासून सगळ्या खात्यांना एकत्र बसवले गेले. कामे वाटली गेली. पालिकेने ओस घरे पाडली, रस्त्यावर टाकून दिलेल्या मोटारी उचलल्या, टायरचे ढीग हलवले. पेटवायला वस्तूच उरू नये, हा हेतू. त्या दिवसांत सुट्या डब्यांत पेट्रोल देण्यावर बंदी आली. अल्पवयीन मुलांना रात्री बाहेर फिरायला मनाई केली गेली, पण त्यासोबत मुलांसाठी खेळ आणि कार्यक्रमही ठेवले गेले. पोलीस आणि बंबवाले गस्तीवर निघाले. हजारो नागरिक आपापल्या गल्लीत रात्रभर फिरले. शेजारचे रिकामे घर 'दत्तक' घेऊन त्यावर नजर ठेवणारेही होते.

आगी वर्षागणिक कमी झाल्या. १९९४ मध्ये नवी कारकीर्द सुरू झाली, मोहीम ढिली पडली आणि त्या तीन दिवसांतल्या आगी पुन्हा साडेतीनशेच्या वर गेल्या. शहराने धडा घेतला. १९९५ मध्ये आणखी मोठ्या संख्येने लोक उतरले आणि आगी निम्म्याहून कमी झाल्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९७ मध्ये आपल्या साप्ताहिक अहवालात या मोहिमेचा आढावा घेतला. साथीच्या रोगांची मोजदाद करणाऱ्या खात्याने आगींची मोजदाद केली, कारण लावलेली आग हाही लोकांच्या आरोग्याचा प्रश्न आहे असे त्याने मानले.

यातून आपल्याला दोन गोष्टी घेता येतील. एक, पकडापकडी हा कामाचा एक भागच होता. पेटवायला सोप्या वस्तू हलवणे आणि पोरांना दुसरे काही करायला देणे हाही तेवढाच मोठा भाग होता. दुसरी, काम एका वर्षाचे नसते. एक वर्ष हात सैल पडला की आग परत येते.

काडी का लावली जाते

आता आपल्याकडे येऊ. कचरा जाळू नये असे कायदा सांगतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दंड ठरवला, साध्या प्रकारात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये. दंड असावाच. पण तो कोणाकडून वसूल होणार, हेही विचारले पाहिजे.

घंटागाडी गल्लीत येत नाही, कुंडी ओसंडून वाहते, उंदीर आणि कुत्री येतात, मग कोणीतरी ढीग पेटवतो. तिथे नुसती पावती फाडून काय होणार? आधी गाडी यायला हवी. वायर जाळणाऱ्या पोराला किलोमागे चार पैसे मिळतात आणि त्या तांब्यावरचा खरा नफा दुकानात बसलेल्याकडे जातो. पोलिसांच्या हाती मात्र बहुधा पोरच लागतो. कचरावेचक आपलीच माणसे आहेत. आगीचा पहिला धूर त्यांच्या फुप्फुसात जातो. त्यांच्यावर ठपका ठेवून साखळीचे वरचे टोक मोकळे सोडले तर आग थांबत नाही. यंत्राने वायर सोलून तांबे काढता येते, ती जाळावी लागत नाही. ती सोय करणे आणि जळके तांबे घेणाऱ्या दुकानांची तपासणी करणे, हे पालिका, पोलीस आणि प्रदूषण मंडळाने मिळून करायचे काम आहे.

काम वेगळ्या तऱ्हेने दिले तर काय होते ते पुण्यात दिसते. १९९३ मध्ये तिथे कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. यात दलित समाजातल्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. ओळखपत्र गळ्यात आले, सुका कचरा घराच्या दारातच वेगळा हातात येऊ लागला. कचरा ढिगापर्यंत जाण्याआधीच वेगळा झाला, तर त्यातला धातू काढायला ढीग पेटवण्याचे कारणच कमी होते. २०१६ च्या नियमांनीही कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले होते. दंडाचे कलम दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला आपण हेही कलम दाखवावे.

घराला आग लावली गेली तर

वस्तीत मोठी आग लागली की दुसऱ्या दिवशी कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते सिलिंडर, कोणी म्हणते वायर, कोणी म्हणते जागा मोकळी करायला लावली. कुजबुजीने घर परत मिळत नाही आणि गुन्हेगारही सापडत नाही. उत्तर तपासातून मिळते आणि तपास अनेक खात्यांचा मिळून असतो. आग कुठून सुरू झाली असावी हे अग्निशमन दल पाहते. वायरिंगचे विद्युत निरीक्षक पाहतो. पंचनामा पोलीस करतात. राखेत पेट्रोल किंवा रॉकेलचा अंश आहे का, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळा तपासते. महसूल खाते नुकसानीची नोंद घेते. एकाचा अहवाल दुसऱ्यापर्यंत पोचला नाही की प्रकरण 'कारण अज्ञात' म्हणून बंद होते.

इथे वस्तीच्या हातातही काही असते. पंचनामा होईपर्यंत राख झाडू नये, जळके सामान हलवू नये. पेट्रोलचा अंश हवेत लवकर उडून जातो, म्हणून नमुना हवाबंद डब्यात लवकर घेतला जावा असा आग्रह धरावा. आग आधी कुठे दिसली, ज्वाळा कशा होत्या, कशाचा वास आला, किती वाजले होते, हे ज्याने पाहिले त्याने त्याच दिवशी लिहून ठेवावे. मोबाईलमधला व्हिडिओ पुसू नये. अग्निशमन दलाच्या अहवालाची प्रत लेखी अर्ज करून मागावी.

कायदा कडक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ नुसार राहते घर नष्ट करण्याच्या हेतूने आग लावणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मालमत्तेचे नुकसान करण्यासाठी लावलेल्या आगीला सात वर्षांपर्यंत. अनुसूचित जातीच्या माणसाच्या घराला किंवा प्रार्थनास्थळाला समाजाबाहेरच्या कोणी जाणूनबुजून आग लावली, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार शिक्षा जन्मठेपेची आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचाही समावेश आहे, हे ठाणे अंमलदाराला सांगायला कचरू नये. या कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांत खात्यांनी एकत्र काम करण्याची सक्तीच आहे. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी घटनास्थळी येऊन नुकसान पाहायचे आणि पीडितांची यादी करायची. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. तातडीची मदतही द्यायची. हे आपोआप होईलच असे धरून चालू नये. नियमाचे नाव घेऊन लेखी मागावे लागते.

आपण काय करायचे

वस्तीचे टेबल विहारात मांडता येते. महिन्यातून एकदा तासभर पुरे. महिला मंडळ, तरुण मंडळ, आशाताई, कचरावेचक आणि एखादा भंगारवाला यांना बोलवा. एका वहीत चार रकाने आखा. आग कधी लागली, कुठे, काय जळले, का लावली असावी. तीन महिन्यांत वही बोलू लागते. बहुतेक आगी दोन-तीनच ठिकाणी आणि ठरावीक वेळी लागतात असे दिसेल. ती वही घेऊन प्रभाग कार्यालयात, पोलीस ठाण्यात आणि अग्निशमन केंद्रात जा. तिघांना एकाच कागदाची प्रत द्या, पोच घ्या आणि तिघांची एकत्र बैठक मागा. वहीत संशयिताचे नाव लिहू नका. चुकीचे नाव लिहिले गेले तर वस्तीतच दुसरी आग लागते. नाव सांगायचे असेल तर ते थेट पोलिसांना सांगा.

बंबाची वाट मोकळी ठेवा. गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या गाड्या, पुढे काढलेले ओटे, टांगलेल्या ताडपत्र्या यांमुळे बंब नाक्यावरच अडकतो. रिकाम्या खोलीत, जिन्याखाली गाद्या, पुठ्ठे, टायर साठवू नका. पेटवणाऱ्याला आपणच सामान पुरवत असतो. एखादे लहान मूल पुन्हा पुन्हा काडीशी खेळत असेल तर नुसते मारून उपयोग नाही. त्याच्या मनात काय चालले आहे ते विचारा, शाळेतल्या बाईंशी बोला, गरज वाटली तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा.

धूर पसरला तर धुराच्या दिशेच्या खिडक्या लावा, म्हातारी माणसे, मुले आणि गरोदर बायांना दूर न्या. ओल्या फडक्याने बारीक कण आणि विषारी वायू अडत नाहीत. एन-९५ मास्क नीट बसवला तर कण बरेच अडतात, वायू तोही अडवत नाही, म्हणून तिथून दूर जाणे सगळ्यांत चांगले. दम्याचा पंप जवळ ठेवा. मुलाची छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडले असतील, बोलताना धाप लागत असेल, तर थांबू नका, दवाखाना गाठा. धुरात सापडलेल्या माणसाचे डोके दुखत असेल, चक्कर किंवा उलटी येत असेल, तर त्याला मोकळ्या हवेत आणा आणि तपासून घ्या. तो विषारी वायूचा परिणाम असू शकतो.

कोणी भाजले तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. अंगावर कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे, जाड चादर गुंडाळावी.

हे नंबर दारामागे लिहून ठेवा. अग्निशमन १०१, पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, मुंबईकरांसाठी पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६. आणि वही आणायला पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. ती दहा-वीस रुपयांत मिळते, आणि तिचे पहिले पान आज संध्याकाळच्या धुरानेही भरता येईल.